लोणंद ते फलटण, माउलींच्या पायांपाशी

नीरेत पादुकांना स्नान झालं आणि पालखी पाडेगावात आली की माउली आमच्या सातारा जिल्ह्याच्या होतात. मी नर्स आहे. लोणंदपासून फलटणपर्यंत दिंडीबरोबर चालते, खांद्याला ड्रेसिंगची पिशवी.

आळंदीहून इथवर आलेल्या पायांनी दिवेघाट आणि तापलेलं डांबर दोन्ही सोसलेलं असतं. फोड आला की कुणी ना कुणी कातडं ओढून काढतोच. तसं करू नये. निर्जंतुक सुईनं कडेला टोचून पाणी काढावं, कातडं जागेवर बसू द्यावं, वर बीटाडीन आणि कोरडं गॉज. साखरेच्या रुग्णांनी मात्र सुई स्वतः लावू नये.

तरडगावच्या मुक्कामी एक माणदेशी आजी पायच पुढे करेना. “पोरी, तू देवाचं काम करतीस, तुज्याम्होरं पाय कसं करू?” मी आधी तिच्या पायांवर डोकं टेकवलं. वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, मग तिला बोलता येईना. तळव्यात चपलेचा खिळा रुतलेला, भोवती पू, आणि बाईला पत्ताच नाही. साखरेनं पायाची जाणीवच गेली होती. गोळ्या घरी. “वारीत माउली हायती की.” म्हटलं, “आजी, माउलींनीच मला धाडलंय, गोळी घ्या.” हे मी तिला पटावं म्हणून बोलले नाही, मी तसंच मानते. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला तिला रुग्णवाहिकेत बसवलं, तर तिथंही हरिपाठ सुरू.

त्याच दुपारी चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं होतं. अश्व धावून गेला, लोक टापांखालची माती कपाळाला लावत होते, आणि आम्ही चक्कर आलेल्यांना सावली शोधत होतो. रस्ता रुंद करताना जुनी झाडं गेली. एका लिटर पाण्यात ओआरएसची एक पुडी कालवून पाजता येते, पण वडाची सावली कुठून आणायची?

म्हणून सयाजी शिंद्यांचं काम मला आरोग्यसेवेचंच वाटतं. आमच्या साताऱ्याचा हा नट ‘सह्याद्री देवराई’तून गावोगाव देशी झाडं लावतो. वारीत नामांकित चेहरे आले की गर्दी तिकडे लोटते, आमची वाट अडते. तरी त्यांनी यावं, कारण त्यांचा शब्द लोक ऐकतात. 2016 साली आमिर खानच्या पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कपमध्ये, म्हणजे गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेत, कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं. नाव नटाचं होतं, कुदळ गावकऱ्यांच्या हातात होती. पालखीमार्गावर वड-पिंपळ जगवायला असंच नाव आणि असेच हात हवेत.

यंदा निघणाऱ्यांनी बीपीच्या, साखरेच्या गोळ्या कनवटीलाच ठेवाव्यात, आणि रोज रात्री हरिपाठ झाला की शेजारच्याला बॅटरी लावून तळवे बघायला सांगावं.