ओस्तियातलं जातं

रोमला गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मी कलोसियम बाजूला ठेवून ओस्तिया अँटिका, म्हणजे रोमच्या प्राचीन बंदराचे अवशेष असलेलं गाव गाठलं. पिरामिदे मेट्रो स्टेशनला लागूनच लोकल सुटते, शहरातलं साधं तिकीट चालतं, अर्ध्या तासात गाव येतं. एके काळी टायबर नदी इथेच समुद्राला मिळायची. आता समुद्र तीनेक किलोमीटर लांब सरकलाय, आणि 1557च्या पुरात नदीनेही आपली वाट बदलली.

मला एकच गोष्ट समजून घ्यायची होती: सुमारे दहा लाख लोकांच्या रोमला जेवू कोण घालत होतं?

नाट्यगृहामागच्या चौकात त्याचा पहिला धागा सापडतो. चौकाच्या कडेने साठेक छोट्या खोल्या आहेत, आणि त्यांच्यासमोर जमिनीत काळ्या-पांढऱ्या खड्यांची चित्रं. जहाजं, दीपस्तंभ, धान्याचं माप. आजच्या लिबियातल्या साब्राथाच्या व्यापाऱ्यांच्या खोलीपुढे चक्क हत्ती आहे. म्हणजे ही दुकानांची पाटीच! फ्रान्समधलं नार्बोन, सार्डिनियातलं कालियारी, अशी बंदरांची नावं वाचत मी खूप वेळ रेंगाळले.

इजिप्त आणि उत्तर आफ्रिकेचा गहू रोमला सरकारतर्फे वाटला जायचा. इ.स.पू. 58 पासून तो फुकट मिळू लागला. इ.स.पू. 2 मध्ये दोन लाखांहून थोडे जास्त लोक या यादीत होते, असं सम्राट ऑगस्टसनेच नोंदवून ठेवलंय. माणशी महिन्याला 5 मोदियुस, म्हणजे साधारण 33 किलो. यादीत नावं मात्र फक्त पुरुष नागरिकांची.

पण मिळायचा तो गहू, पीठ नव्हे. चाळीतल्या एका खोलीत राहणाऱ्याकडे ना जातं, ना भट्टी. मग दळणार कोण, भाजणार कोण?

त्याचं उत्तर पुढच्या गल्लीतल्या भटारखान्यात उभं आहे. काळ्या ज्वालामुखी दगडाची, माझ्या छातीएवढी उंच जाती. खालची तळी शंकूसारखी, वरची डमरूसारखी. डमरूच्या वरच्या तोंडातून गहू टाकायचा, कंबरेपाशी दोन खोबणी, त्यांत लाकडी दांडे अडकवून जनावर किंवा माणूस जुंपायचा. जमीनही रस्त्यासारखी दगडी फरसबंद, कारण दिवसभर गोल फिरणाऱ्या खुरांखाली दुसरं काही टिकलंच नसतं. दोन जात्यांमधली जागा इतकी अरुंद, की मी तिथून एक फेरी मारली तेव्हा खांदा दगडाला घासला.

माझी आजी पहाटे जात्यावर बसायची. घास घालताना तिच्या ओव्या चालू असायच्या, त्यात माहेर असायचं, भाऊ असायचा. इथे काय ऐकू येत असेल? दुसऱ्या शतकातल्या अपुलियस या रोमन लेखकाने पिठाच्या गिरणीतले गुलाम वर्णन केलेत: कपाळावर डागलेली अक्षरं, अर्धं मुंडलेलं डोकं, पायात बेड्या, पाठीवर फटक्यांचे वळ. ते वाक्य मी आधी वाचलं होतं, पण त्या चिंचोळ्या जागेत उभं राहिल्यावर ते गळ्यापाशी अडकलं.

परत आल्यावर संध्याकाळी पोर्ता मज्जोरे या रोमच्या जुन्या वेशीपाशी गेले. तिथे ट्रामच्या रुळांच्या गर्दीत युरिसासेस नावाच्या भटाऱ्याची समाधी आहे. हा बहुधा गुलामीतून सुटलेला माणूस, सरकारी कंत्राटं घेऊन श्रीमंत झालेला. नंतरच्या काळात समाधीभोवती बुरूज बांधला गेला होता, तो 1838 मध्ये पाडल्यावर ती पुन्हा उजेडात आली. भिंतीवर त्याचं नाव आणि धंदा मोठ्या अक्षरांत कोरलाय. वर दगडी पट्टीवर सगळं काम क्रमाने दिसतं: जातं ओढणारी गाढवं, कणीक मळणं, लाटणं, भट्टी, शेवटी पाव तोलणं.

भट्टीपाशी एक माणूस लांब दांड्याच्या फळीने पाव आत सरकवतोय. त्याचं नाव कुठेच नाही. ऊन उतरेपर्यंत मी त्याच्याकडेच बघत उभी होते.