गेले एका यानातून, परतले दुसऱ्यातून

स्मरणिकेसाठी 'आठवणी लिहा' असं संपादक मंडळाने कळवलं. वर्गातल्या खोड्या, डबे आणि छड्या यांवर बाकीचे वर्गमित्र लिहितीलच. माझी आठवण एप्रिल १९८४ची आहे आणि ती शाळेपेक्षा एका यानाबद्दल जास्त आहे. राकेश शर्मा म्हटलं की पहिला भारतीय अंतराळवीर, एक तारीख आणि पंतप्रधानांना दिलेलं ते उत्तर, एवढं सामान्यज्ञानाच्या वहीत असतं. ते उत्तर सर्वांना पाठ आहे, म्हणून सोडून देतो. शर्मा सोयुझ टी-११ या सोव्हिएत यानाने गेले आणि सोयुझ टी-१०ने परतले, हे मात्र वहीत क्वचितच सापडतं. त्या मोहिमेची खरी गोम तिथेच आहे.

सॅल्यूत-७ हे सोव्हिएत स्थानक १९ एप्रिल १९८२ रोजी सोडलं गेलं. लांबी सुमारे १६ मीटर, वजन १९ टनांच्या आसपास आणि यानं जोडायला दोन दारं, एक पुढे आणि एक मागे. ८ फेब्रुवारी १९८४ला लिओनिद किझिम, व्लादिमीर सोलोव्योव आणि हृदयरोगतज्ज्ञ ओलेग आत्कोव टी-१०मधून तिथे मुक्कामाला गेले. मुक्काम होता २३७ दिवसांचा. पण त्यांचं यान तेवढे दिवस दारात उभं ठेवता येत नव्हतं. परतीच्या कुपीला वातावरणात वळवणारे छोटे झोत हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालतात आणि हे रसायन टाकीत नुसतं पडून राहिलं तरी हळूहळू विघटित होतं. म्हणून अधूनमधून पाहुण्यांनी ताजं यान घेऊन जायचं, आठवडाभर राहायचं आणि जुनं घेऊन उतरायचं, अशी रीत होती. पाहुण्यांच्या यानातली एक जागा 'इंटरकॉसमॉस' कार्यक्रमात मित्रदेशांना मिळे. १९७८मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे व्लादिमीर रेमेक असे पहिले गेले. यात राजकारण होतंच. पण यान बदलण्याचं काम कुणीतरी करायलाच हवं होतं, हेही तितकंच खरं.

भारतातून दोघे निवडले गेले, राकेश शर्मा आणि रवीश मल्होत्रा. दोघेही हवाई दलातले. शर्मा खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घडलेले. १९८२च्या सप्टेंबरात निवड झाली आणि पुढचं दीड वर्ष मॉस्कोजवळच्या तारानगरीत, म्हणजे अंतराळवीरांच्या प्रशिक्षण केंद्रात गेलं. यानातले सगळे फलक आणि नियंत्रण केंद्राशी होणारं बोलणं रशियनमध्ये, त्यामुळे आधी भाषा.

टी-११च्या चमूचे प्रमुख होते युरी मालिशेव. १९८०मध्ये सोयुझ टी-२चा संगणक ऐनवेळी बिघडल्यावर त्यांनी हाताने जोडणी केली होती. अभियंता म्हणून निकोलाय रुकाविश्निकोव जायचे होते, पण ते आजारी पडले आणि गेन्नादी स्त्रेकालोव आले. हे गृहस्थ जेमतेम सहा महिन्यांपूर्वी मरणाच्या दारातून परतले होते. २६ सप्टेंबर १९८३च्या रात्री त्यांच्या आधीच्या उड्डाणाला दीडएक मिनिट असताना रॉकेटच्या तळाशी इंधनाची एक झडप बंद झाली नाही. इंधन सांडलं, आग लागली आणि आगीत केबल जळाल्याने सुटकेचा आदेश तारेवरून जाईना. तो रेडिओने द्यायचा तर दोन वेगळ्या खोल्यांतल्या दोन माणसांनी पाच सेकंदांच्या आत आपापलं बटण दाबावं लागे. त्यात मोलाची सेकंदं गेली. सुटका-मनोऱ्याने, म्हणजे टोकावरच्या छोट्या रॉकेटने, कुपी उचलली आणि दोनेक सेकंदांत रॉकेट फुटलं. स्त्रेकालोव आणि व्लादिमीर तितोव गुरुत्वाच्या चौदा ते सतरा पट भार सोसून चारेक किलोमीटरवर जिवंत उतरले.

३ एप्रिल १९८४ला भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ६ वाजून ३८ मिनिटांनी टी-११ बैकोनूरच्या सोव्हिएत उड्डाणतळावरून निघालं. मधल्या आसनावर मालिशेव, डावीकडे स्त्रेकालोव, उजवीकडे शर्मा. दुसऱ्या दिवशी यान मागच्या दाराला जोडलं गेलं, कारण पुढच्या दारात टी-१० उभं होतं. यानाच्या नाकावरचा दांडा स्थानकाच्या शंकूत शिरतो, टोकाच्या खुंट्या अडकतात, मग दांडा आत ओढला जाऊन कडेचे आकडे आवळले जातात. जोडातून हवा गळत नाही याची खात्री पटेपर्यंत दार उघडत नाहीत. सॅल्यूतमध्ये प्रथमच एकदम सहा माणसं झाली. त्याच आठवड्यात अमेरिकेचं चॅलेंजर पाच जणांना घेऊन वर गेलं, तेव्हा अवकाशात अकरा जण होते. तोवरचा तो उच्चांक.

शर्मांच्या कामांत मोठा वाटा छायाचित्रणाचा. पूर्व जर्मनीत येना इथे बनलेल्या एमकेएफ-६एम कॅमेऱ्याला सहा भिंगं, चार दृश्य प्रकाशासाठी आणि दोन जवळच्या अवरक्तासाठी. एकच भूभाग प्रकाशाच्या सहा पट्ट्यांत टिपला की पीक, पाणी, खडक वेगवेगळे ओळखता येतात. योगासनांचा प्रयोगही होता. तिथे वजनच नसल्याने आसनात स्नायूंवर ताण येत नाही, म्हणून लवचीक पट्ट्यांनी शरीर ओढून धरावं लागे. वर्तमानपत्रांना हा प्रयोग फार आवडला. माझ्या मते छायाचित्रं जास्त मोलाची.

परतीआधीचं सर्वांत महत्त्वाचं काम दिसायला हमालीचं होतं: आसनांची अदलाबदल. प्रत्येक अंतराळवीराच्या पाठीचा साचा घेऊन त्याच्यापुरतं आसनाचं अस्तर बनवतात. जमिनीवर आदळताना बसणारा धक्का पाठभर सारखा वाटला जावा, हा त्याचा हेतू. दुसऱ्याच्या अस्तरात बसलात तर मणका दुखावू शकतो. वजनरहित अवस्थेत पाठीचा कणा थोडा लांबतो, म्हणून डोक्याच्या बाजूला मुद्दाम जागा सोडलेली असते. ही अस्तरं टी-११मधून टी-१०मध्ये आली आणि मुक्कामी लोकांची टी-११मध्ये गेली. माणसांच्या वजनातला फरकही जुळवावा लागतो, कारण कुपीचा गुरुत्वमध्य मुद्दाम एका बाजूला ठेवलेला असतो. त्यामुळेच ती उतरताना थोडी उचल मिळवते आणि भार कमी बसतो.

११ एप्रिलला टी-१० कझाकस्तानात आर्कालिकच्या पूर्वेला उतरलं. दोनच दिवसांत वर राहिलेल्या तिघांनी टी-११ मागच्या दारातून काढून पुढच्या दाराला लावलं. मालवाहू प्रोग्रेसमधलं इंधन स्थानकात भरणाऱ्या नळ्या मागच्याच दाराला होत्या, ते मोकळं हवं होतं. २३ एप्रिलपासून किझिम आणि सोलोव्योव बाहेर पडून स्थानकाच्या शेपटाकडच्या गळक्या इंधनवाहिनीची दुरुस्ती करू लागले. पाहुण्यांनी आणलेलं ताजं यान मग २ ऑक्टोबरला त्यांनाच घेऊन उतरलं.

शाळेची सहल कधी दिल्लीला गेली तर तीन मूर्ती परिसरातल्या नेहरू तारांगणात (वरळीच्या नव्हे) शर्मांना घेऊन उतरलेली कुपी बघता येईल. व्यास सव्वादोन मीटरच्या आत-बाहेर, आणि त्यात तिघे, अंतराळपोशाखासकट. मुलांना विचारा, ही टी-१० की टी-११?