फेब्रुवारीत मोजलेली वाडी

लालबागच्या खोलीत बसून आई आमच्या रत्नागिरीकडच्या वाडीचा हिशेब नेहमी उंबऱ्यांत सांगते, माणसांत नाही. आणि ते मला योग्यच वाटते. २००१ आणि २०११ या दोन्ही जनगणनांची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, म्हणजे गणपती आणि मे महिना दोन्ही दूर असताना, जेव्हा चाकरमानी मुंबईतच असतात. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने रस्ता मिळण्यासाठी सपाट प्रदेशात किमान ५०० आणि डोंगरी राज्यांत व आदिवासी भागांत किमान २५० लोकवस्तीची अट २००१ च्या आकड्यांवरच बेतली, त्यामुळे घरांना कुलपे लागलेली वाडी कागदावर आणखी लहान दिसते. रस्ता नाही म्हणून तरुण मुंबई गाठतात आणि ते गेले म्हणून आकडा घटतो, याने मी फार अस्वस्थ होतो.

गेल्या मे महिन्यात फाट्यावर उतरलो, तेव्हा काकी काठी टेकत घाटी उतरून आली होती. मुक्कामाची गाडी बंद झाल्यापासून तालुक्याला जायचे तर रिक्षाच करावी लागते. तिच्या पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे होती. नवी मी मुंबईहून आणली होती.