काळा कागद

स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला आणि आधी आठवला तो काळा कागद.

आठवीत विज्ञानाच्या बाईंनी मोहरी रुजवायला लावली होती. पाण्याने भरलेल्या पेल्याच्या तोंडावर जाळीचं कापड, त्यावर दाणे. पेल्याला बाहेरून काळा कागद गुंडाळायचाच, ही सक्त ताकीद. आमच्या गटाने तो गुंडाळला नाही. मुळं दिसायला नकोत का? इतरांची मुळं सरळ खाली गेली, आमची मात्र खिडकीकडे पाठ फिरवून तिरपी वाढली. गुण कापले गेले. मी विचारलं, "बाई, मुळाला डोळे नाहीत, मग खिडकी कुठे आहे हे कळलं कसं?" त्या म्हणाल्या, "मला नाही सांगता येणार. तू शोध." (इतक्या सहज असं म्हणणारे शिक्षक पुढे फारसे भेटले नाहीत.)

पुढे वनस्पतिशास्त्र शिकताना उत्तर सापडलं, तेही तुकड्यातुकड्याने. मुळातली फोटोट्रॉपिन ही प्रथिनं निळा उजेड टिपतात. मग मुळाच्या दोन बाजू सारख्या वाढत नाहीत. उजेडाकडची जास्त लांबते आणि टोक अंधाराकडे वळतं. आमच्या पेल्यात हेच चाललं होतं.

पण मातीत उजेड जेमतेम काही मिलिमीटर शिरतो. मग खोलवरच्या मुळाला उजेडाशी काय देणंघेणं? खरी गंमत इथे आहे. वर पानांत फायटोक्रोम हे उजेड ओळखणारं प्रथिन असतं. ६६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या तांबड्या उजेडाने ते जागं होतं, ७३० च्या आसपासच्या अतितांबड्याने (तांबड्याच्या पलीकडच्या उजेडाने) पुन्हा निजतं. शेजारची पानं तांबडा उजेड शोषून घेतात आणि अतितांबडा पुढे सोडतात, म्हणून दाटी झाल्याचं रोपाला कळतं. ती खबर खालीही पोचते: अरॅबिडॉप्सिसच्या (मोहरीच्या कुळातली, प्रयोगशाळांची लाडकी छोटी वनस्पती) रोपात वर अतितांबडा उजेड वाढवला, तर खाली उपमुळं कमी फुटतात. एचवाय-५ नावाचं प्रथिन वरून मुळापर्यंत प्रवास करतं आणि मुळाची वाढ व नायट्रेटचं शोषण वाढवतं, हे २०१६ मध्ये दाखवलं गेलं.

आणि एक कबुली, माझी नव्हे, प्रयोगशाळांची. वर्षानुवर्षं अरॅबिडॉप्सिसची रोपं पारदर्शक बशीत वाढवली गेली, म्हणजे मुळं सतत उजेडात. अशी मुळं अंधारातल्या मुळांसारखी वागत नाहीत. म्हणून २०१५ मध्ये मुळं अंधारात आणि पानं उजेडात ठेवणारी खास मांडणी प्रसिद्ध झाली. वाचलं आणि हसू आलं. आमचा पेला जगभर होता तर!

बाईंना भेटून हे सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून त्यांनी विचारलं, "अरे, मग तांबड्या उजेडात मूळ कुठे वळतं?"

"किंचित उजेडाकडे, बाई. फायटोक्रोममुळे."

"हं," म्हणाल्या. कापलेले गुण मात्र परत दिले नाहीत.