वाळवंटातलं घर, हिवाळा आणि ६ मिलिमीटरची फट

वाळवंटात उंदरांचा खरा हंगाम हिवाळ्याचा. उन्हाळ्यात ते दिवसा बिळात आणि रात्री बाहेर असतात, घराशी त्यांचं फारसं काम नसतं. थंडी सुरू झाली की तीन गोष्टी एकदम बदलतात. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्यामुळे सूर्य मावळताच जमीन झपाट्याने गार होते. दिवस-रात्रीत १५-२० अंशांचा फरक सहज पडतो, आणि दिवसभर तापलेली जाड भिंत मात्र रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहते. गवताचं बी संपत आलेलं असतं. शिवाय उंदरांवर जगणारे साप थंडीत जमिनीखाली निपचित पडलेले असतात, म्हणजे रात्रीचा मोठा पहाराच उठलेला असतो.

सगळेच उंदीर घरात घुसत नाहीत. कोण येतंय हे आधी कळलं तर निम्मे कष्ट वाचतात. उत्तर अमेरिकेच्या वाळवंटांतला कांगारू उंदीर बियांवर जगतो, पाणी न पिता राहू शकतो आणि घराच्या वाटेला सहसा जात नाही. त्याला मारण्यात काहीच अर्थ नाही. थरमधला वाळवंटी जर्बिल हिवाळ्यात उन्हात दिवसाढवळ्या हिंडतो आणि अंगण पोखरतो, पण त्याला स्वतःचं बीळ पुरतं. त्रास देतात ते दुसरे. पहिला म्हणजे जगभर माणसामागे गेलेला घरातला छोटा उंदीर. तो कोरड्या धान्यावर पाण्याशिवाय बराच काळ काढतो, त्यामुळे ‘इथं पाणीच नाही, उंदीर कशाला येतील’ हा हिशोब चुकतो. दुसरा अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडचा आणि मेक्सिकोतला पॅकरॅट. हा हिवाळाभर जागा असतो, काटक्या आणि निवडुंगाचे काटेरी तुकडे रचून मोठं घरटं करतो आणि गाडीच्या वायरी कुरतडतो. जिथे बागेला ठिबकचं पाणी आणि फळझाडं आहेत, तिथे झाडावरून छपरावर उतरणारा काळा उंदीरही धरावा.

ओळख पटवायला वाळवंटात एक सोय आहे, ती म्हणजे वाळू. संध्याकाळी भिंतीलगत हातभर रुंदीचा पट्टा झाडूने सपाट करायचा आणि सकाळी ऊन तिरपं असताना बघायचं. पुढच्या पायाची चार बोटं आणि मागच्याची पाच उमटलेली असतील तर उंदीरच. मध्ये शेपटीची रेघही बऱ्याचदा दिसते. ठसे भिंतीपाशी जिथे संपतात, तिथेच फट शोधायची. लेंड्यांवरूनही अंदाज येतो: छोट्या उंदराच्या ३ ते ६ मिमी, टोकदार; मोठ्या उंदराच्या साधारण १२ मिमी किंवा त्याहून मोठ्या.

आता फटी. छोट्या उंदराला ६ मिमीची फट पुरते, मोठ्याला १२ मिमीच्या आसपासची. कवटी आत गेली की बाकीचं अंग मागून येतं. साधी पेन्सिल घेऊन घराभोवती फिरायचं आणि ती जिथे शिरेल तिथे खडूने खूण करायची. अंधार पडल्यावर आतले दिवे लावून बाहेरून पाहिलं तर दाराखालची आणि खिडकीच्या चौकटीभोवतीची उजेडाची रेघ आपोआप दिसते.

इतर हवामानात फट एकदा बुजवली की बरीच वर्षं बघावं लागत नाही. वाळवंटात ती दुसऱ्या वर्षी पुन्हा उघडलेली असते, आणि दोष दर वेळी काम करणाऱ्याचा नसतो. उन्हातल्या ३ मीटर लांब पीव्हीसी पाइपाचं तापमान ३० अंशांनी बदललं तर त्याची लांबी सुमारे ५ मिमीने बदलते. तेवढ्याच लांबीच्या काँक्रीटची जेमतेम १ मिमीने. पाइप रोज थोडा आत-बाहेर सरकत राहतो आणि त्याच्याभोवती घट्ट भरलेलं सिमेंट पहिल्या हिवाळ्यातच सुटतं. म्हणून पाइपाभोवती नुसतं सिमेंट भरू नये. तांब्याची विणलेली जाळी किंवा स्टेनलेस स्टीलचा काथ्या निदान २५ मिमी खोल गच्च कोंबावा आणि वर ताणला जाणारा सीलंट (फटीत भरायचा, वाळल्यावर रबरासारखा होणारा लेप) ६ ते १० मिमी जाडीने भरावा. साधा लोखंडी काथ्या नळ आणि कुलरजवळच्या ओलाव्याने गंजून भुगा होतो. फवारून फुगणारा फोम वारा अडवतो, पण उंदीर अडवत नाही. तो एका रात्रीत त्यातून बोगदा काढतो आणि वर फोमचा चुरा घरट्याला वापरतो. फोम वापरायचाच असेल तर आधी जाळी, मग फोम.

सीलंटमध्ये उन्हाला सगळ्यात जास्त टिकतो तो सिलिकॉन, पण त्यावर रंग बसत नाही. रंग द्यायचा असेल तर पॉलियुरेथेन घ्यावा आणि रंगाचा थर नक्की द्यावा, कारण उघड्या उन्हात तो तडकतो. सीलंट निघून येण्याचं नेहमीचं कारण धूळ आहे. पिठासारखी बारीक माती प्रत्येक सांध्यात बसलेली असते. आधी कोरडा ब्रश, मग ओलं फडकं, मग पूर्ण वाळू द्यायचं, आणि त्यानंतरच नळी उघडायची. वेळही बघावी लागते. भर दुपारी साहित्य फुगलेलं आणि फट अरुंद असते. तेव्हा भरलेला सीलंट रात्री फट रुंदावली की ताणून फाटतो. ना गार ना गरम अशा वेळी, म्हणजे थंडीच्या महिनाभर आधी सकाळी उशिरा, हे काम करावं.

मोठ्या छिद्रांना ६ मिमीची भोकं असलेली, वेल्ड केलेली गॅल्व्हनाइज्ड जाळी लावावी. १२ मिमीच्या जाळीने मोठे उंदीर थांबतात, छोटे नाहीत. जाळी स्टेपलरच्या पिनांनी ठोकू नये. दर १० सेंमीवर रुंद वॉशर घालून स्क्रू मारावा, नाहीतर कोपरा उचलून वाट होते. भिंतीत ओल बाहेर जाण्यासाठी ठेवलेली छिद्रं बुजवायची नसतात, त्यात बारीक स्टेनलेस जाळी बसवायची. गॅसच्या हीटरची धुराची नळी तर कधीच झाकू नये, तिला उत्पादकाचीच टोपी हवी. हिवाळ्यात बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठणं उंदरापेक्षा कितीतरी भयंकर. कपडे वाळवायच्या यंत्राच्या नळीवरही जाळी नको: धाग्यांचा कचरा अडकून आग लागू शकते, तिथे हवा आली की उघडणारी झडप लावतात.

दाराखालची रबरी पट्टी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. उन्हाने रबर कडक होतं, तडकतं आणि कोपऱ्यातून तुकडा पडतो. ब्रशची पट्टी खडबडीत फरशीवर छान बसते, पण छोटा उंदीर केसांतून सरळ आत येतो. ॲल्युमिनियमची पट्टी आणि त्यात धातूची जाळी असलेलं रबर हे टिकाऊ. उंबऱ्यात वाळू साठली की दार घासून रबर खातं, म्हणून वारा येऊन गेला की उंबरा झाडावा. गॅरेजच्या दाराचे खालचे दोन कोपरे वेगळे तपासावेत. मधली पट्टी शाबूत असते आणि कोपऱ्यात बोट जाईल एवढी जागा असते.

आता कुलर. बाष्पीभवनाचा कुलर हिवाळ्यात बंद पडलेला असतो, त्यात गवताच्या किंवा लाकडी तंतूंच्या कोरड्या जाळ्या असतात, आणि त्याची हवेची वाट थेट घरात उघडते. उंदराला आयतं घरटं आणि शिवाय आतला दरवाजा. हंगाम संपला की टाकीतलं पाणी काढावं, जाळ्या काढून बंद पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात, फेकायच्या असतील तर लगेच फेकाव्यात. मुख्य म्हणजे कुलर आणि घर यांच्यामधल्या तोंडावर पत्र्याची झडप बसवावी. वरून ताडपत्री गुंडाळणं पुरेसं नाही, त्याने वारा अडतो आणि उंदराला उलट आडोसा मिळतो. एसीच्या तांब्याच्या नळ्या जिथे भिंतीतून जातात तिथेही हेच: बाहेरचा काळा फोम उन्हाने भुसभुशीत होतो आणि भोक मोठं राहतं. नळ्यांभोवती जाळी, वर सीलंट, आणि उघड्या फोमवर ऊन अडवणारी पट्टी.

न वापरलेल्या न्हाणीघराकडेही बघावं. मोरीच्या वळणातलं पाणी कोरड्या हवेत काही आठवड्यांत उडून जातं, मग गटारातून वर यायला वाट मोकळी. आठवड्याला तांब्याभर पाणी ओतावं. घर महिनाभर बंद राहणार असेल तर पाण्यावर चमचाभर खनिज तेल सोडलं की बाष्पीभवन मंदावतं.

बाहेरचं काम थोडक्यात. भिंतीलगत ६० सेंमी रुंद आणि १५ सेंमी खोल असा खडीचा पट्टा करावा, खडी किमान २५ मिमीची. बारीक खडीतून उंदीर आरामात खोदतो. भुसभुशीत वाळूत पायाशी जाळी ३० सेंमी खाली नेऊन तिथून बाहेरच्या बाजूला आणखी ३० सेंमी आडवी पसरावी. खोदणारा प्राणी भिंतीला चिकटून खाली जातो, आडवी जाळी लागली की थांबतो, मागे सरून पुन्हा खोदायचं त्याला सहसा सुचत नाही. सरपण जमिनीपासून ४५ सेंमी वर आणि घरापासून ६ मीटर लांब. छपरावर टेकलेल्या फांद्या छाटाव्यात, ठिबकची गळती बंद करावी, जनावरांचं आणि पक्ष्यांचं खाद्य पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ठेवावं. प्लास्टिकचा डबा म्हणजे फक्त थोडा उशीर.

फटी बुजवून झाल्या तरी काही जण आतच राहिलेले असतात, त्यांच्यासाठी सापळे. स्प्रिंगचा लाकडी सापळा अजूनही सगळ्यात भरवशाचा. तो भिंतीला काटकोनात ठेवायचा, आमिषाचं टोक भिंतीकडे. छोट्या उंदरांसाठी दर २-३ मीटरवर एक, मोठ्यांसाठी ५-६ मीटरवर. पहिल्याच रात्री डझनभर लावणं हे रोज एकेक लावण्यापेक्षा कितीतरी चांगलं. आमिष वाटाण्याएवढंच. जास्त ठेवलं तर तो कडेने चाटून निघून जातो. पीनट बटर कोरड्या हवेत दोन दिवसांत टणक होतं, ते बदलत राहावं. थंडीत घरट्याला लागणारा कापूस किंवा सुताचा गुंडा सापळ्याच्या घोड्याला (आमिष लावायच्या पट्टीला) बांधला तर तो सोडवायला उंदीर ओढतो आणि सापळा मिटतो. मोठे उंदीर नव्या वस्तूला बिचकतात, त्यांच्यासाठी सापळा आमिषासह पण न चढवता चार-पाच दिवस ठेवावा. आठवडाभर काही सापडलं नाही की मग काढावेत. गोंद लावलेले चिकट फलक मला पटत नाहीत. जनावर तासनतास तडफडतं, आणि धुळीने फलक दोन दिवसांत निकामी होतो. आवाजाची यंत्रं आणि वासाच्या गोळ्या यांवर पैसे घालवू नयेत, आवाजाला उंदीर लवकर सरावतात.

विषाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घरात नको. ब्रोडिफॅकूमसारखं रक्त न गोठू देणारं विष काम करायला काही दिवस घेतं. तोवर उंदीर भिंतीत जाऊन मरतो किंवा बाहेर घुबड, कोल्हा, मांजर यांच्या तोंडी पडतो, आणि विष त्यांच्या अंगात जातं. तुमचे फुकटचे रखवालदारच कमी होतात.

लेंड्या आणि घरटी कोरडी झाडू नयेत. वाळवंटात रोज वाळू झाडायची सवय असते आणि तीच इथे धोक्याची: लेंड्यांची पूड श्वासात जाते. हंटा विषाणूचा फुप्फुसांचा आजार याच वाटेने येतो; १९९३ मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्येत तो ओळखला गेला. दारं-खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवाव्यात, रबरी हातमोजे घालावेत, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं ताजं मिश्रण हलक्या हाताने ओतून ५ मिनिटं भिजू द्यावं, मग कागदाने पुसून दोन पिशव्यांत बांधावं. व्हॅक्यूम क्लीनर लावू नये. पॅकरॅटचं घरटं काढताना लांब दांड्याची पंजेटी आणि जाड बूट हवेत, कारण त्यात काटे, विंचू आणि रक्त पिणारे ढेकूणवर्गीय किडेही राहतात.

उरली गाडी. इंजिन रात्री उबदार राहतं आणि बॉनेटखाली अंधार असतो, पॅकरॅटला एवढं पुरतं. बॉनेट रात्रभर उघडं ठेवलं तर त्याला आडोसा वाटत नाही, ही साधी युक्ती बरीच उपयोगी पडते. जोडीला टायरजवळ दोन-दोन सापळे, वरून झाकलेल्या आणि बाजूला छिद्र असलेल्या खोक्यात, म्हणजे पक्षी अडकणार नाहीत. गाडी चार दिवस उभी असेल तर सुरू करण्याआधी बॉनेट उघडून एअर फिल्टरचा डबा आणि बॅटरीमागची जागा बघावी. काटक्या दिसल्या तर आधी वायरी तपासाव्यात, मग किल्ली फिरवावी.