माथ्यावरचे जी अखेर जुळले (१:२५ ड्रॉप, माथा 'क')

माझ्या १:२५ रोलरकोस्टर मॉडेलच्या शेवटच्या डब्याचा त्वरणाचा आलेख अखेर स्वच्छ आला! ड्रॉपच्या माथ्यावर, उतार ६० अंश होतो त्या खुणेवर, पहिल्या डब्यात ०.०५ जी आणि शेवटच्या डब्यात उणे १.१ (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेला, अंगाला जाणवणारा जोर; उणे म्हणजे सीटवरून वर उचलणारा). गणित सांगत होतं पुढे जवळपास शून्य आणि मागे उणे १.२. घर्षणाचा वाटा धरला तर दोन्ही आकडे जिथे असायला हवेत तिथेच आहेत. एकच रूळ, एकच उतार, एकच गाडी; पुढचा माणूस अलगद तरंगतो आणि मागचा सीटवरून उपटला जातो. रायडरला हे अंगाने ठाऊक असतंच, पण दोन मीटरवरून सुटणाऱ्या गाडीत ते आकड्यांत उतरलेलं पाहून मी तो आलेख दिवसभर उघडा ठेवला होता.

मांडणी मागच्या नोंदीतलीच: ५० मीटरचा ड्रॉप २ मीटरमध्ये, उतार ८० अंश, माथ्याची (हाच माथा 'क') त्रिज्या २० मीटर म्हणजे आपल्याकडे ८० सेंमी, पाच डब्यांची ६० सेंमी लांब गाडी, गाडी माथ्यावर ओढणाऱ्या लिफ्टचा वेग ०.६ मीटर प्रति सेकंद. १:२५ मध्ये वेगही पाचपट कमी होतो आणि वेळही. त्वरण मात्र तेवढंच राहतं, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

घोडं अडलं होतं ते माथ्यावर. तळाचा पुलआउट (उतार संपून रूळ पुन्हा आडवा होतो ते वळण) पहिल्यापासून शहाण्यासारखा वागत होता, ४ जीच्या आसपास, प्रत्येक फेरीत तोच. माथ्यावर मात्र शेवटचा डबा एका फेरीत उणे ०.३ दाखवायचा, पुढच्या फेरीत उणे २.५. सेन्सर तोच, प्रोग्राम तोच, फेरीही तीच. मग अर्धा रूळ खरा आणि अर्धा खोटा कसा?

पहिला संशय सेन्सरच्या बैठकीवर गेला. फोमची दुहेरी चिकटपट्टी काढून एमपीयू-६०५० (त्वरण मोजणारा सेन्सर) स्क्रूने आवळला. (हे सगळ्यांनीच करा. फोमवरचा सेन्सर रुळाऐवजी फोमचंच त्वरण मोजतो.) आलेखातले काटे थोडे बारीक झाले, गेले नाहीत. मग कपलिंग: डब्यांमधली ढिलाई माथ्यावर आधी दबते आणि मग ताणली जाते, तो झटका असेल म्हणून पिनांना बुश घातले. तरी फरक नाही. मग बेअरिंग. ऑनलाइन मागवलेल्या ६२३ बेअरिंगच्या पाकिटात निम्मी खरखरत होती. त्या विक्रेत्याकडून पुन्हा घेणार नाही, पण इथे गुन्हेगार तीही नव्हती. चांगली निवडून घेतली, आतलं जाड ग्रीस धुऊन शिलाई मशीनचं तेल घातलं, गाडी झकास पळू लागली आणि माथ्यावरचे काटे जसेच्या तसे.

कोडं सुटलं ते आलेखाची आडवी रेघ बदलल्यावर. तोवर मी सगळं वेळेच्या अक्षावर मांडत होते. हॉल सेन्सरचं (चुंबकावरून चाकाचे फेरे मोजणारं) पाचवं चाक नुसतं वेग मोजायला लावलेलं होतं. त्याच्या आकड्यांवरून त्वरण अंतराच्या अक्षावर मांडलं, आणि इतके दिवस वेडेवाकडे दिसणारे काटे एका रांगेत उभे राहिले. दर २० सेंमीला एक. माझ्या प्रिंटरवर रुळाचा सगळ्यात लांब तुकडा २० सेंमीचाच निघतो. सांधे!

मग तळ स्वच्छ का होता? कारण फिल्टर. खऱ्या राइडवर त्वरण मोजताना एएसटीएम या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या पद्धतीत ५ हर्ट्झच्या वरचं गाळून टाकतात, कारण शरीरावर टिकून राहणारा जोर त्याखाली असतो. आपली वेळ पाचपट आक्रसलेली, म्हणून मी २५ हर्ट्झवर गाळते. तळाशी गाडी ६ मीटर प्रति सेकंदाच्या वर असते, तिथे सांधे सेकंदाला ३० वेळा ठोकतात आणि फिल्टर त्यांना गिळतो. माथ्यावर पुढचा डबा २ मीटरच्या आत-बाहेर, मागचा साडेतीनच्या पुढे. म्हणजे ठोके १० ते १८ हर्ट्झ, नेमके एअरटाइमच्या (सीटवरून उचललं जाण्याच्या) पट्ट्यात. फिल्टर आणखी खाली आणला तर सांध्यांबरोबर एअरटाइमही जातो. हा प्रश्न सॉफ्टवेअरने सुटणारा नव्हताच. माथा बिनसांध्याचा करणं एवढाच मार्ग होता.

मग ६ मिमीचा ब्राइट बार (गुळगुळीत पोलादी गज). भवानी पेठेतून आणला आणि आमच्या भागातल्या फॅब्रिकेशनवाल्या काकांकडे रोलिंगला दिला. ८० सेंमीला वाकवलेला बार मशीनमधून सुटला की उलगडतो, त्यामुळे आधी जास्त वळवून, साच्यावर ठेवून, पुन्हा पास द्यावा लागतो. काकांनी दोन्ही बार एकत्रच रोल केले, म्हणून डावा-उजवा फरक राहिला नाही. आडव्या पट्ट्या टॅक वेल्डने पकडल्या, कारण पूर्ण वेल्ड केला असता तर उष्णतेने वक्र बिघडला असता. असं काम जाणणारा माणूस जवळ असेल तर प्रिंटरच्या नादी लागू नका. निदान माथा तरी धातूचा करा.

आता आलेख काय सांगतो ते. पुढचा डबा माथा ओलांडतो तेव्हा मागे बरीचशी गाडी अजून वरच रेंगाळत असते आणि सगळं वजन त्याला धरून ठेवतं. शेवटचा डबा त्याच बिंदूवर येतो तेव्हा पुढची सगळी गाडी उतारावर लोंबत असते, त्यामुळे त्याच वक्रावर त्याचा वेग जवळजवळ दुप्पट असतो. त्वरण वेगाच्या वर्गाने वाढतं. खोपोलीच्या इमॅजिकात 'नायट्रो' कोस्टरच्या रांगेत पहिली ओळ की शेवटची हा वाद रंगतो, त्याचं उत्तर इथे आहे: समोरचं दृश्य हवं तर पहिली, ड्रॉप अंगावर घ्यायचा तर शेवटची.

मला जास्त खटकली ती पुढची गोष्ट. अखंड एका त्रिज्येच्या माथ्यावर शेवटच्या डब्याचा उणे जी वाढतच जातो. ६० अंशांवर उणे १.२, तर ८० अंशांपर्यंत गणिताने उणे २.२. आणि वक्र संपून सरळ उतार लागताच एका क्षणात शून्याच्या किंचित वर. मांडीवर दाबलेला लॅप बार अचानक सैल पडावा तसा. हा एअरटाइम नाही, हा धक्का आहे. कोस्टर-अभियंता व्हेर्नर श्टेंगल यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या मॅजिक माउंटनच्या 'रेव्होल्यूशन' कोस्टरच्या लूपला वर्तुळाऐवजी क्लोथॉइडचा (वक्रता हळूहळू बदलणारा) आकार दिला, त्यामागेही हेच गणित होतं. वक्रता एकदम बदलू द्यायची नाही. लूपबद्दल आपण हे उठता-बसता बोलतो, ड्रॉपच्या माथ्याबद्दल मात्र फक्त उंची आणि कोन. कोस्टरांची नावंच घ्या: 'मिलेनियम फोर्स' ३०० फुटांचा ड्रॉप आणि ८० अंश, 'स्टील व्हेंजन्स' ९० अंश, 'ताकाबिशा' १२१ अंश. जाहिरातीला हे आकडे ठीक आहेत. पण ८० अंशांचे दोन ड्रॉप एकमेकांहून पार वेगळे वाटू शकतात, आणि तो फरक माथ्यावरच्या मोजक्या मीटरमध्ये ठरतो असं माझं ठाम मत आहे.

म्हणून माथा 'ख' आखला होता: सुरुवातीला घट्ट, आणि खाली जाताना त्रिज्या मोठी होत जाणारा, म्हणजे वेग वाढला तरी मागच्या डब्याला उणे १च्या आसपास सलग धरून ठेवणारा. बारही मोजून ठेवले होते. अडचण एकच, वक्र कोणत्या ओळीसाठी आखायचा? मागच्याला सलग उणे १ दिला तर पुढच्याला तरंगायला मिळतच नाही.

हे लिहिता लिहिताच सुचलं: वक्राआधी गाडी का बदलू नये? फरक सगळा गाडीच्या लांबीतून येतोय. इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्स पार्कमधल्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये (१९९८) बीअँडएम या कोस्टर बनवणाऱ्या कंपनीने आठ-आठ सीटच्या दोनच ओळी ठेवल्या. गाडी रुंद आणि आखूड असल्याने ८७.५ अंशांच्या त्या ड्रॉपवर पुढच्या आणि मागच्या ओळीत फारसं अंतर उरत नाही. माझ्याकडे तीन डबे सोडवून दोनच डब्यांची गाडी करायला एक पिन काढावी लागते, आणि माथा 'क' तयारच आहे. तेव्हा 'ख'चं रोलिंग थांबवलंय. आधी दोन डबे, मग तीन, मग पाच, सगळे याच माथ्यावर, पहिला आणि शेवटचा डबा एका आलेखात. दोन डब्यांचं गणित आजच करून ठेवते, मोजमाप आल्यावर शेजारी मांडता येईल.

दुसरा सेन्सर पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलाय. सेन्सरचे आकडे नोंदवणाऱ्या दोन्ही ईएसपी३२ बोर्डांची घड्याळं जुळवायची बाकी आहेत. सध्या लिफ्टच्या टोकाला एक चुंबक लावून दोघांना तिथे शून्य देण्याचा विचार आहे. एक हजार हर्ट्झवर दोन बोर्ड याहून नेटके जुळवायची रीत कोणी वापरली असेल तर सांगा.