नोंद ६ : ११ हर्ट्झला घोडं अडलं

आधीच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी थोडक्यात : सावद्याच्या घरी, मागच्या पडवीत, एका चाकापुरती गाडी उभी आहे. रस्त्याचे हादरे वरपर्यंत पोचू नयेत म्हणून कंट्रोलरने ढकल-ओढ करायची, हा खेळ. वरची पाटी २.४ किलो, ती गाडीचा सांगाडा. खालची ३०० ग्रॅम, ते चाक. तिच्याखालची कडक स्प्रिंग म्हणजे टायर. दोन पाट्यांच्या मधे मऊ स्प्रिंग आणि शंकू कापलेला जुना वूफर, म्हणजे मोठा स्पीकर. करंट सोडला की त्याची कॉइल ढकलते नाहीतर ओढते. रस्ता म्हणजे आईच्या शिलाई मशीनची मोटर आणि ४ मिमी वरखाली होणारी एक्सेंट्रिक, म्हणजे मध्य सोडून बसवलेली चकती. पायपट्टी दाबली की रस्ता पळतो.

खरी गाडी १ ते १.५ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला एक-दीड वेळा डोलते, माझी ३ ला. दीड हर्ट्झइतकी मऊ स्प्रिंग घेतली असती तर नुसत्या पाटीच्या वजनानेच ती ११ सेंटीमीटर दबली असती.

कॉइलला किती करंट द्यायचा ते कंट्रोलर फझी पद्धतीने ठरवतो, म्हणजे काटेकोर आकड्यांऐवजी 'जोरात', 'हळू' अशा ढोबळ शब्दांतल्या नियमांनी. असे नियम २५. ते लिहायला केळीची पिकअप चालवणाऱ्या दादाला शेजारी बसवलं होतं. 'पाटी जोरात वर चाललीय आणि स्प्रिंग ताणतेय, तर जोरात खाली ओढ,' अशी साधी वाक्यं. मामदानी आणि असिलियन यांनी १९७५ च्या सुमारास वाफेच्या इंजिनावर हेच केलं होतं, माणसाच्या बोलण्यातले नियम यंत्राला दिले.

पहिल्या दिवशी मोटर बंद असतानाही कॉइल गुणगुणत होती. वडील डोकावले, "काय करून राह्यला रे, भुंगा पाळला का?" फझीत प्रत्येक शब्दाला एक त्रिकोण असतो, कुठल्या आकड्यांना तो शब्द किती लागू ते सांगणारा. 'शून्य' नावाचा त्रिकोण मी फार अरुंद ठेवला होता, त्यामुळे सेन्सरची बारीक थरथरसुद्धा त्याला वेग वाटायची. त्रिकोणाचा पाया दुप्पट केला, भुंगा गप्प. ३ हर्ट्झला वरच्या पाटीचे हादरे निम्म्यावर आले.

मग ११ हर्ट्झ. तिथे कंट्रोलर चालू असो की बंद, आलेख तोच. पाटीवर केळीची छोटी फणी ठेवून पाहिली, दोन्ही वेळा सारखीच थरथरली. आठवडाभर नियम बदलत बसलो. ढकलण्याचा जोर वाढवला तर कॉइल तापली, बाकी काही नाही.

शेवटी वही काढली. दोन्ही पाट्यांची बलाची समीकरणं बेरजेला घेतली की मधलं बल, स्प्रिंगचं असो वा कॉइलचं, कटूनच जातं. उरतो तो फक्त टायर. आणि टायरचा ताठरपणा भागिले चाकाचं वजन, याचं वर्गमूळ काढून २π ने भागलं की जे हर्ट्झ येतात, त्या वारंवारितेला चाकाची पदंही कटून शून्य होतात. मग वरच्या पाटीचा हादरा रस्ता आणि टायर ठरवतात, मध्ये काहीही बसवा. माझी टायर-स्प्रिंग १४३० न्यूटन प्रतिमीटर, चाक ०.३ किलो, हिशेब केला तर ११ हर्ट्झच. बिचाऱ्या नियमांना उगाच शिव्या घातल्या.

हे टायरमध्ये दाबक, म्हणजे हादरे जिरवणारं काही, नसताना खरं. म्हणून आता टायर-स्प्रिंगला लागून सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवतोय. ट्यूब मिळाली, क्लिप मिळायची आहे.